उमेदवार आपला, चिन्ह आपले. पण कोठे आणि कशासाठी?

लोकसभेची निवडणूक जवळ आली की आंबेडकरी वस्तीत दोन प्रकारची माणसे हमखास येतात. पहिला म्हणतो, "तुमचा उमेदवार उभा करू नका, मते फुटतील, मनुवादी निवडून येतील, संविधान धोक्यात येईल." दुसरा म्हणतो, "सगळ्या जागा लढवा, स्वाभिमान गहाण टाकू नका, हरलो तरी चालेल." पहिला निवडणूक झाल्यावर पाच वर्षे तोंड दाखवीत नाही. दुसरा डिपॉझिट जप्त झाल्यावर हिशेब देत नाही. या दोघांच्या मध्ये उभा असलेला सामान्य भीमसैनिक मात्र दरवेळी विचारतो की, आम्ही नेमके काय करावे? या प्रश्नाला भावनेने उत्तर देण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. आम्ही पेशाने वकील आहोत. म्हणून हा खटला पुराव्यानिशी तपासावा, असे आम्हाला वाटते.

प्रश्न छोट्या पक्षांचा आहे. देशाची सत्ता एकट्याच्या बळावर मिळवू शकत नाहीत अशा पक्षांनी लोकसभेला आपले उमेदवार उभे करावेत की नाही? आमचे उत्तर स्पष्ट आहे. उभे करावेत. परंतु सर्वत्र नाही, आणि केवळ उभे करण्यासाठी तर मुळीच नाही.

बाबासाहेबांनी काय केले?

आंबेडकरी चळवळीत कोणत्याही राजकीय चर्चेचा पहिला साक्षीदार बाबासाहेबच असतात. १९३२ च्या पुणे करारानंतर स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघ आले. राखीव जागा वाढल्या, पण त्या जागेवर कोण बसणार हे ठरविण्याचा अधिकार सवर्ण बहुसंख्येच्या हाती गेला. अशा बिकट अवस्थेतही बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत त्यांनी मोजकेच उमेदवार दिले आणि त्यातील बहुतेक निवडून आणले. मोजके उमेदवार, हा शब्द आपण विसरलो. मुंबई प्रांतात त्या वेळी एका मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची सोय होती. त्या सोयीचा पुरेपूर उपयोग पक्षाने करून घेतला. म्हणजे कायदा काय आहे, आपली माणसे कोठे आहेत आणि मत कसे पडणार आहे, याचा अभ्यास उमेदवारी देण्याअगोदर झालेला होता.

१९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. लोकसभेच्या ४८९ जागांपैकी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने ३५ जागी उमेदवार दिले. समाजवादी पक्षाशी समझोता केला. उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात बाबासाहेब राखीव जागेवर आणि समाजवाद्यांचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर उभे राहिले. निकाल सर्वांना माहीत आहे. काँग्रेसचे काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली आणि संविधानाच्या शिल्पकाराला १,२३,५७६. हजारो मतपत्रिका बाद ठरल्या. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, परंतु उपयोग झाला नाही.

त्याच निवडणुकीत फेडरेशनचे दोन सदस्य निवडून आले, हे मात्र आपण फारसे सांगत नाही. सोलापुरातून पां. ना. राजभोज आणि हैदराबाद राज्यातील करीमनगरमधून एम. आर. कृष्णा. सोलापुरात सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे निवडून आले आणि करीमनगरात डाव्यांच्या आघाडीचे बद्दम येल्ला रेड्डी. मित्रपक्षाची मते जेथे खरोखर वळली तेथे फेडरेशन जिंकले. जेथे वळली नाहीत तेथे प्रत्यक्ष बाबासाहेब पडले. युतीचा कागद आणि युतीचे मत यांतील अंतर १९५२ मध्येच उघडे पडले होते.

१९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. पुन्हा द्विसदस्य मतदारसंघ, पुन्हा अशोक मेहता जोडीला. चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या एक हकीकत सांगितली जाते. कार्यकर्त्यांनी सुचविले की, आपल्या मतदारांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे मत कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांचा विजय सोपा होईल. बाबासाहेबांनी ही युक्ती साफ नाकारली. ज्याने मताचा अधिकार मिळवून दिला त्याने मत वाया घालवा असे सांगायचे नाही, हरलो तरी चालेल, अशी त्यांची भूमिका होती. निकालात अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पडले. समाजाने आपला शब्द पाळला, समोरच्यांनी पाळला नाही.

या दोन पराभवांतून कोणी असा अर्थ काढील की, युती करूच नये. परंतु बाबासाहेबांनी तसा अर्थ काढला नाही. अखेरच्या काळात ते फेडरेशन विसर्जित करून सर्वांसाठी खुला असा रिपब्लिकन पक्ष काढण्याच्या विचारात होते. म्हणजे उमेदवार आपला हवा आणि मित्रही हवा, ही दोन्ही सूत्रे त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाहीत.

जिंकलो केव्हा, हरलो केव्हा?

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत फेडरेशन सामील होते. भाषिक राज्याच्या मागणीने सारा मराठी मुलूख पेटलेला होता. त्या लाटेत दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे कोपरगावमधून लोकसभेत गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. पाच वर्षांनी, १९६२ ला, समिती मोडलेली होती. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले होते. रिपब्लिकन पक्षाने देशात ६८ उमेदवार उभे केले. महाराष्ट्रात एकही निवडून आला नाही. तीन आले ते सारे उत्तर प्रदेशात: अलीगढमधून बी. पी. मौर्य, हाथरसमधून ज्योती स्वरूप आणि मुरादाबादमधून सय्यद मुजफ्फर हुसेन. यातील अलीगढ आणि मुरादाबाद या जागा राखीव नव्हत्या. तेथे जाटव आणि मुस्लिम समाज एका झेंड्याखाली आला होता. महाराष्ट्रात मात्र आपण एकटे पडलो होतो, आणि त्यातही गटांत विभागलो होतो.

मग १९९८ उजाडले. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपले दहा बांधव मारले गेले. समाजात संताप होता. गटतट बाजूला ठेवून रिपब्लिकन नेते एकत्र आले होते आणि काँग्रेसशी समझोता झाला. चार जागा मिळाल्या आणि चारही जिंकल्या. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले, अमरावतीतून रा. सू. गवई आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चारही जागा सर्वसाधारण! ज्या समाजाला राखीव जागेच्या पिंजऱ्यात ठेवायचे, त्याने खुल्या जागांवरून चार खासदार दिल्लीला पाठविले. याचा फायदा काँग्रेसला किती झाला? ४८ पैकी ३३ जागा काँग्रेसने जिंकल्या. शिवसेना-भाजप युती दहावर अडकली. रिपब्लिकन मताची किंमत काय असते, ते या आकड्यांवरून कळते.

"चार खासदार संसदेत काय करणार?" असे विचारणारे तेव्हाही होते. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडले. बाजूने २६९, विरुद्ध २७०. त्या सभागृहात विरोधी बाकांवर रिपब्लिकनांचे चार सदस्य बसलेले होते. एका मताने सरकार पडते तेव्हा चार मते म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

पण हा डाव आपणच मोडला. १९९९ ला काँग्रेस फुटली, राष्ट्रवादी निघाली, आणि ऐक्यवाले रिपब्लिकनही आपापल्या वाटेने गेले. चारांचे दोन झाले. अकोल्यात प्रकाश आंबेडकर टिकले आणि रामदास आठवले पंढरपुरातून आले. पुढे २००९ साली आठवले काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर शिर्डीतून लढले आणि शिवसेनेकडून पराभूत झाले. मित्रपक्षाचा नेता व्यासपीठावर हात उंचावतो, पण त्याचा गावपुढारी बूथवर काय करतो, हा १९५२ चा जुना प्रश्न शिर्डीत पुन्हा उभा राहिला.

मते कोण खातो?

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. २०१९ ला वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम यांनी मिळून महाराष्ट्रातील सर्व ४८ जागा लढविल्या. वंचितला राज्यात सात टक्क्यांच्या आसपास मते पडली. जागा मात्र एकच, आणि तीही औरंगाबादची एमआयएमची. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवसापासून 'बी टीम'ची आरोळी सुरू झाली.

या आरोपाचा तपास करू. सोलापुरात भाजपचा उमेदवार सुशीलकुमार शिंदे यांच्यावर १,५८,६०८ मतांनी विजयी झाला आणि प्रकाश आंबेडकरांना १,७०,००७ मते होती. नांदेडात अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी पडले आणि वंचितला १ लाख ६६ हजार मते होती. हे आकडे खरे आहेत, ते लपविण्याचे कारण नाही. परंतु अकोल्याचा आकडा कोणी सांगत नाही. तेथे भाजपला ५,५४,४४४, प्रकाश आंबेडकरांना २,७८,८४८ आणि काँग्रेसला २,५४,३७० मते पडली. वंचित आणि काँग्रेसची बेरीज केली तरी भाजप पुढेच राहतो. आणि तेथे दुसऱ्या क्रमांकावर वंचित होती, तिसऱ्यावर काँग्रेस. मग अकोल्यात मते कोणी कोणाची खाल्ली?

१९९९ ला काँग्रेस आणि राष्ट्रवादी समोरासमोर लढल्या. युतीने २८ जागा नेल्या, काँग्रेसला १० आणि राष्ट्रवादीला ६ मिळाल्या. पुढे याच दोन पक्षांनी मांडीला मांडी लावून पंधरा वर्षे राज्य केले. त्या वेळी राष्ट्रवादीला कोणी 'बी टीम' म्हटले काय? मोठ्यांनी वेगळे लढले तर ते राजकारण आणि छोट्याने लढले तर ती गद्दारी, हा न्याय कोणत्या कायद्यात बसतो? मत ही कोणाच्या बापजाद्यांची वतनदारी नाही. दलित-बौद्धांचे मत मुळात काँग्रेसचे, आणि ते वंचितने खाल्ले, असे म्हणणाऱ्याच्या मनात अजूनही महारवतन शिल्लक आहे.

तथापि दुसरी बाजूही तितक्याच निष्ठुरपणे पाहिली पाहिजे. २०२४ ला महाविकास आघाडीशी बोलणी फिसकटली. वंचित पस्तीसहून अधिक जागांवर स्वतंत्र लढली आणि नागपूर, कोल्हापूरसारख्या काही ठिकाणी तिने काँग्रेसच्या उमेदवारांना पाठिंबा दिला. राज्यातील मते सात टक्क्यांवरून पावणेतीन टक्क्यांच्या आसपास घसरली. बहुतेक उमेदवारांचे डिपॉझिट गेले. का? समाजाचा स्वाभिमान संपला होता म्हणून नव्हे. त्या निवडणुकीत संविधान बदलाची चर्चा घरोघरी पोहोचली होती. बौद्ध वस्त्यांनी नेत्यांच्या पत्रकाची वाट पाहिली नाही. भाजपला कोण पाडू शकतो, एवढेच पाहिले आणि बटण दाबले. महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या, राज्यातील पाचही अनुसूचित जातींच्या राखीव जागा त्यात आल्या. म्हणजे उमेदवार उभा करावा की नाही याचा वाद नेते घालीत होते, तेव्हा मतदाराने आपला निकाल लिहून ठेवला होता.

जेथे तो निकाल अर्धवट राहिला तेथे काय झाले तेही पाहा. वायव्य मुंबईत शिंदे गटाचा उमेदवार ४८ मतांनी निवडून आला. तेथे वंचितच्या उमेदवाराला दहा हजारांच्या आसपास मते होती. बुलढाण्यात विजयाचे अंतर २९ हजारांचे होते, वंचितला ९८ हजार मते होती आणि एका अपक्षाला अडीच लाखांच्या घरात. नांदेडात मात्र वंचितला ९२ हजार मते पडूनही काँग्रेस जवळपास ५९ हजारांनी निवडून आली. एकाच निवडणुकीत तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी सांगता येतात. म्हणून 'उभे राहिलो म्हणून भाजप आला' हे विधान जसे सरसकट खरे नाही, तसेच 'आमच्या उभे राहण्याने काहीच बिघडत नाही' हेही सरसकट खरे नाही. ज्या जागेवर दहा हजार मते मिळणार आहेत, संघटना नाही, जिंकण्याची शक्यता नाही, तेथे उमेदवार देऊन आपण काय मिळविले, या प्रश्नाचे उत्तर नेतृत्वाने समाजाला द्यावयास हवे.

या साऱ्या पडझडीत एक आकडा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. २०१९ ला अकोल्यात प्रकाश आंबेडकरांना २,७८,८४८ मते होती. २०२४ ला, राज्यभर मते निम्म्याहून कमी झाली असताना, अकोल्यात ती २,७६,७४७ राहिली. फरक दोन हजारांचा! हे कशाने झाले? अकोल्यात जिल्हा परिषद आहे, पंचायत समित्या आहेत, तीस-चाळीस वर्षे बांधलेली गावे आहेत, आणि माळी, धनगर, बंजारा, मुस्लिम यांच्याशी जोडलेले नाते आहे. तेथील मत लाटेने आलेले नाही, म्हणून लाटेने गेले नाही. परंतु याच अकोल्यात २०२४ ला भाजप ४०,६२६ मतांनी जिंकला आणि काँग्रेसला ४ लाख १६ हजार मते होती, हेही सत्य आहे. घट्ट बांधलेला मतदारसंघसुद्धा मित्राशिवाय जिंकता येत नाही. आणि तो बांधलेला मतदारसंघ मित्राने सोडला नाही तर मित्रही जिंकत नाही. दोघेही हरले. हा धडा एकट्या वंचितने शिकावा असे म्हणता येणार नाही, काँग्रेसनेही तो शिकला पाहिजे.

कायदा काय सांगतो?

उमेदवार उभा करण्याचा कायदेशीर अर्थ आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. उमेदवारी अर्जाच्या छाननीला आम्ही अनेकदा उभे राहिलो आहोत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, इतरांना त्या मतदारसंघातील दहा मतदार सूचक म्हणून लागतात. शपथपत्रातील एक रकाना रिकामा राहिला तरी धावपळ होते. शेवटच्या रात्री ठरलेला उमेदवार सकाळी सूचकांच्या सह्या शोधीत फिरतो. पंचवीस हजारांची अनामत, अनुसूचित जाती-जमातींसाठी साडेबारा हजार, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती जप्त. ही रक्कम अनेकदा कार्यकर्त्याच्या बायकोच्या मंगळसूत्रातून आलेली असते, हे व्यासपीठावरच्यांनी विसरू नये.

दुसरी बाब मान्यतेची. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशानुसार राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळविण्याचे अनेक मार्ग आहेत. लोकसभेला राज्यात सहा टक्के मते आणि एक खासदार, हा एक मार्ग. आठ टक्के मते, हा दुसरा. आणि राज्याच्या दर पंचवीस जागांमागे किंवा त्यांच्या उरलेल्या भागामागे एक खासदार, हा तिसरा. २०१९ ला वंचितची मते सहा टक्क्यांच्या वर गेली, पण आठपर्यंत पोहोचली नाहीत, आणि स्वतःचा एकही खासदार नव्हता. एक खासदार असता तर पहिला मार्ग मोकळा होता. तो नसल्याने चिन्ह दरवेळी बदलत राहिले. बहुतेक ठिकाणी २०१९ च्या लोकसभेला कपबशी, विधानसभेला गॅस सिलिंडर, २०२४ च्या लोकसभेला प्रेशर कुकर. वस्तीतल्या म्हाताऱ्या आईला दर निवडणुकीत नवे चिन्ह शिकवावे लागते. प्रस्थापितांची चिन्हे मात्र तिच्या नातवालाही पाठ असतात.

आता तिसरा मार्ग महाराष्ट्राला लावून पाहा. ४८ जागा म्हणजे एक पंचवीस आणि उरलेल्या तेवीस. दोन खासदार आले की मान्यता! हेच तमिळनाडूत घडले. थोल. तिरुमावळवन यांच्या विडुदलै चिरुत्तैगळ कच्ची या दलितांच्या पक्षाने २०२४ ला द्रमुक आघाडीत फक्त दोन जागा घेतल्या, चिदंबरम आणि विलुप्पुरम. दोन्ही स्वतःच्या मडके या चिन्हावर लढविल्या, दोन्ही जिंकल्या, आणि ३९ जागांच्या त्या राज्यात पक्षाला मान्यता मिळाली. सत्तेचाळीस जागा लढवून जे मिळाले नाही ते दोन जागा जिंकून मिळाले.

यातील 'स्वतःच्या चिन्हावर' हा शब्द अधोरेखित करा. दुसऱ्या पक्षाच्या चिन्हावर, त्याचा अधिकृत उमेदवार म्हणून निवडून आलेला आपला माणूस दहाव्या परिशिष्टानुसार त्याच पक्षाचा सदस्य ठरतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याच्यावर त्या पक्षाचा व्हिप चालतो. उद्या आरक्षणाविरुद्ध विधेयक आले आणि त्या पक्षाने बाजूने मत देण्याचा आदेश काढला, तर आपला माणूस एकतर हात वर करील किंवा घरी जाईल. कमळावर किंवा पंजावर निवडून आलेला रिपब्लिकन हा कायद्याच्या दृष्टीने रिपब्लिकन उरतच नाही. मग आपण कोणाला निवडून आणले?

उत्तर प्रदेशची साक्ष

स्वतंत्र लढण्याचे समर्थक कांशीराम साहेबांचा दाखला देतात, आणि तो योग्यच आहे. १९८४ ला बसपा निघाली. १९८८ ला अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत विश्वनाथ प्रताप सिंहांसमोर कांशीराम उभे राहिले आणि पराभूत झाले. पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी हरविण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी, हे त्यांचे सूत्र होते. १९८९ ला तीन खासदार आले, २००७ ला उत्तर प्रदेशात स्वबळावर सरकार आले. परंतु त्या प्रत्येक पराभवामागे बामसेफ होती, सायकल होती, गावोगावचे केडर कॅम्प होते. आपण त्यांचा पराभव तेवढा उचलला, केडर उचलले नाही.

आणि त्याच बसपाची पुढची कहाणीही वाचली पाहिजे. २०१४ ला उत्तर प्रदेशात तिला एकोणीस-वीस टक्के मते पडली, लोकसभेत शून्य जागा. २०१९ ला समाजवादी पक्षाशी युती केली, मते जवळपास तेवढीच, जागा दहा. २०२४ ला पुन्हा एकटी लढली, मते नऊ टक्क्यांच्या आसपास, जागा शून्य. त्याच २०२४ ला नगीना मतदारसंघात आझाद समाज पार्टीचे चंद्रशेखर आझाद कोणत्याही मोठ्या आघाडीशिवाय दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. एका मतदारसंघात जीव ओतला, एक खासदार आला. ज्याची मते सर्वत्र थोडी थोडी पसरलेली असतात, त्याला आपली ही निवडणूक पद्धत चिरडते. ज्याची एका जागी गोळा झालेली असतात, त्याला ती तारते. मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत अंशतः तरी आणावी अशी शिफारस विधी आयोगाने १९९९ च्या अहवालात केली होती. ती मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे. पण कायदा बदलेपर्यंत आहे त्या कायद्याच्या मैदानातच लढावे लागणार आहे.

मग करावे काय?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. उमेदवार अजिबात न देणारा पक्ष हा पक्ष राहत नाही, तो पाठिंब्याची पत्रके काढणारे मंडळ बनतो. उमेदवार असेल तरच बूथवर आपला प्रतिनिधी बसतो, मोजणीच्या टेबलाजवळ आपला माणूस उभा राहतो, आणि कोणत्या गावात आपली किती मते आहेत याची नोंद हाती येते. ज्याच्याजवळ स्वतःच्या मतांचा हिशेब नाही त्याला वाटाघाटीच्या टेबलावर कोणी खुर्ची देत नाही. म्हणून लढले पाहिजे.

पण लढताना प्रत्येक जागेसाठी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, एका लोकसभा मतदारसंघात सुमारे दोन हजार बूथ असतात, त्यांपैकी किती बूथवर आपली माणसे आज, निवडणूक नसताना, काम करीत आहेत? दुसरा, बौद्धांपलीकडचा कोणता समाज येथे आपल्याबरोबर उभा आहे, आणि तो आपल्या व्यासपीठावरच आहे की आपल्या पंचायत समितीतही आहे? तिसरा, आपण येथे हरलो तर निवडून कोण येणार, आणि ती किंमत समाजाला परवडणार आहे काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील अशा जागा महाराष्ट्रात चार-सहापेक्षा अधिक निघतील असे आम्हाला वाटत नाही. त्या चार-सहा जागा पाच वर्षे अगोदर जाहीर कराव्यात, तेथेच ठाण मांडावे, आणि कोणतीही आघाडी होवो अथवा न होवो, त्या सोडू नयेत.

उरलेल्या जागांवर समझोता करावा, परंतु तो बंद खोलीतला नको. करार लेखी असावा, जाहीर असावा, निवडणुकीच्या सहा महिने आधी व्हावा. आपल्या वाट्याच्या जागा आपल्या चिन्हावर लढविल्या जातील आणि त्यात सर्वसाधारण जागाही असतील, ही अट असावी. मित्रपक्षाच्या प्रत्येक तालुकाध्यक्षाची त्यावर जाहीर सभेत हजेरी असावी. आणि निकालानंतर बूथनिहाय आकडे मांडून कोणी शब्द पाळला, कोणी नाही, याचा हिशेब समाजासमोर ठेवावा. तो हिशेब पुढच्या निवडणुकीत वसूल करावा. आमदारकी, महामंडळ किंवा राज्यसभेची एखादी जागा घेऊन समाजाची मते एकगठ्ठा विकण्याला आम्ही समझोता म्हणत नाही, तो सौदा आहे.

यावर कोणी म्हणेल, चार-सहा जागा म्हणजे स्वाभिमान कमी झाला. आम्ही विचारतो, १९३७ ला मोजके उमेदवार देऊन ते निवडून आणणाऱ्या बाबासाहेबांचा स्वाभिमान कमी होता काय? शासनकर्ती जमात व्हा, हा बाबासाहेबांचा आदेश आहे. शासनकर्ती जमात उमेदवारांच्या यादीच्या लांबीने होत नाही, ती सभागृहात बसलेल्या आणि स्वतःच्या व्हिपने मत देणाऱ्या माणसांनी होते.

भंडाऱ्यात बाबासाहेबांनी मत कुजविण्यास नकार दिला होता. जेथे आपण जिंकू शकत नाही आणि शत्रूला मात्र जिंकवू शकतो अशा जागी उमेदवार उभा करणे, हेही मत कुजविणेच आहे. आणि जेथे आपण जिंकू शकतो तेथे दुसऱ्याच्या सांगण्यावरून माघार घेणे, हेही मत कुजविणेच आहे. या दोन्हींपासून जो पक्ष समाजाचे मत वाचवील, त्याच्यामागे समाज उभा राहील. २०२४ ला समाजाने हे दाखवून दिले आहे. आता नेत्यांनी ते वाचावे.